आईची महागडी लेन्स

सांगलीच्या बाजारात हळदीचा वास नाकात शिरला, की मला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं, कारण तो दवाखाना हळदीच्या पेठेमागेच होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन लेन्स समजावून सांगितल्या. साध्या लेन्सने लांबचं स्वच्छ दिसेल, पण जवळच्या कामाला चष्मा लागेल. महागडीने बहुतेक चष्मा सुटेल, मात्र रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. किंमत ऐकताच वडील म्हणाले, "साधीच बसवा. या वयात काय करायचंय?" जन्मभर लोकांची झंपरं शिवून घर चालवणारी आई खुर्चीत ताठ झाली. "आवं, डोळा माजा हाय! बाई, दिव्याची कडी चालतील, पण मशिनीवर चष्मा नगं. महागडीच बसवा, शिलाईचं पैसं हायती माज्याकडं." मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आई माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम ओरडली, "अगं बया, तुजी केसं किती पांढरी झाली गं!" आम्ही दोघी हसत सुटलो, पाठोपाठ वडीलही. परवा माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तेव्हा कुठली लेन्स घ्यावी हे विचारायला पहिला फोन मी तिलाच लावला.