मांडवातला हो

सामाजिक न्यायावर बोलायला एसी लागतो, हे मला त्या विद्यापीठाच्या सभागृहात कळलं. मी मुरबाड तालुक्यातली आरोग्यसेविका. पाड्यांवर फिरून चपला झिजवल्या, पण न्यायासाठी मांडलेल्या एवढ्या मऊ खुर्च्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. शेजारी धोंडूबाई पाय वर घेऊन, पदर अंगाभोवती गुंडाळून बसली होती. तिला थंडी वाजत होती.

धोंडूबाई धवलेरी. वैशाखरे गावाच्या वर डोंगरात तिचा पाडा. तिथे लग्नाला भटजी नसतो. धवलेरी मांडवात उभी राहून धवला गाते आणि लग्न लावते. तिथली एक रीत आहे. गाता गाता धवलेरी एकेका सोयऱ्याचं नाव घेऊन त्याला काम सांगते. तू पाणी आण, तू पत्रावळीची पानं आण, तू नवरीला उचलून घे. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून 'हो गो बाय' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत धवला पुढे सरकत नाही, आणि एकदा म्हटलं की काम झालंच पाहिजे. त्या पाड्यावर भांडणं होतात, दारू पिऊन डोकीही फुटतात. पण मांडवातला हो मोडलेला मी कधी ऐकला नव्हता.

ती मात्र गायला आली नव्हती, साकवासाठी आली होती. पाड्याखालच्या ओहोळावर साकव नाही. पावसात ओहोळ भरला की आजाऱ्याला झोळीत घालून लांबच्या खिंडीने खाली आणावं लागतं. तिची सून प्रेमा गरोदर होती आणि दिवस श्रावणात भरणार होते. ग्रामपंचायतीत सांगून झालं, तालुक्याच्या कचेरीत सांगून झालं. तेव्हा धोंडूबाईची भाची काजल, जी त्या विद्यापीठात शिकते, म्हणाली, "आत्या, आमच्याकडं कार्यक्रम हाय. रस्त्या-पुलांचा मोठा साहेब येनार. तुला माईक देनार हायेत."

मंचावर फलक होता, 'वंचितांचा आवाज'. त्या आवाजावर एक विदुषी बोलल्या, मग एक विद्वान बोलले, मग दोघांचं एकमेकांशी पटेना म्हणून पुन्हा दोघे बोलले. ज्यांच्या आवाजावर हे चाललं होतं त्यातली एक समोरच कुडकुडत होती. तिच्याकडे कुणी मान वळवली नाही. अखेर आयोजक मनस्वी मॅडम लगबगीने आल्या.

"आजी, आता तुम्ही. छान गायचं हं."

"मना साकवाचं बोलायचं हाय," धोंडूबाई म्हणाली.

"वेळ कमी आहे हो. तुम्ही फक्त गा. तुमचं गाणं हेच तुमचं बोलणं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धोंडूबाई मात्र शांत. तिने पलीकडे बसलेल्या काजलला विचारलं, "सायबाचं नाव काय गो?"

"भगीरथ."

धोंडूबाई मंचावर गेली. पदराच्या गाठीतले तांदूळ मुठीत घेतले आणि धवला सुरू केला. डोंगराला बोलावलं, ओहोळाला बोलावलं, रानातल्या देवांना बोलावलं. आणि मग त्याच सुरात तिने हाक घातली, "भगीरथा दादा रं, व्हळावरी साकव तू बांध, माझी सून पल्याड ने." आणि ती थांबली.

टाळ्या पडल्या. मॅडम शाल-श्रीफळ घेऊन पुढे आल्या. धोंडूबाई हलली नाही.

"त्यानं हो म्हनाय पायजे," ती म्हणाली.

काजलने माईकवर रीत समजावून सांगितली. सभागृह खूश झालं! मोबाइल वर झाले. साहेब उठले, कोटाचं बटण लावलं, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "हो गो बाय!" हशा आणि टाळ्या. धोंडूबाईने त्यांच्यावर तांदूळ टाकले आणि धवला पुरा केला.

परतताना जीपमध्ये मी तिला म्हटलं, "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. पाऊस लागायच्या आधी प्रेमाला खाली माझ्या घरी आणून ठेव."

तिला राग आला. "सगल्यांसमोर हो म्हनलाय तो. मी सुनेला दुसऱ्याच्या दारात ठेवली, तर त्याचा अपमान नाय का?"

अपमान! मी साहेबांच्या कचेरीत गेले, तर त्यांनी विचारलं, "कोणता साकव?" मग आठवून हसले. "अहो, तो कार्यक्रमाचा भाग होता." वर मोबाइल काढून मला फोटो दाखवला. डोक्यावर तांदूळ, चेहऱ्यावर हसू. मी हे पाड्यावर जाऊन सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. उलट धोंडूबाईच्या मुलाने, साईनाथने, मला ओहोळावर नेऊन दाखवलं. पाड्याने दोन्ही काठांवरची झुडपं तोडून जागा साफ केली होती. कामाला येणाऱ्या माणसांसाठी घराघरातून तांदूळ काढून ठेवला होता.

श्रावणात ओहोळ दोन्ही साफ काठांवरून वाहिला. प्रेमाला सकाळी कळा सुरू झाल्या. साईनाथ आणि पाड्यातली माणसं तिला झोळीत घालून खिंडीकडे निघाली, आणि मी खाली रस्त्यावर जीप लावून वाट बघत राहिले. दुपार टळल्यावर झोळी आली. प्रेमा वाचली. मूल वाटेतच झालं होतं, झोळीतच. मी हातात घेतलं तेव्हा ते गार पडलेलं होतं. मुलगा होता.

धोंडूबाईने धवला सोडला. पाड्यातली लग्नं आता खालच्या पाड्यावरची रखमी लावते. "माझ्या धवल्यातला हो मोडला," ती म्हणते, "आता माझ्या गान्यानं लगीन लागायचं नाय." साहेबांचं काय गेलं? त्यांची बढती झाली.

परवा मनस्वी मॅडमचा फोन आला. यंदाचा विषय 'माता आणि न्याय'. गेल्या वर्षीचा तो तांदळाचा फोटो पत्रिकेवर घेतलाय, आजींना आणाल ना? मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावना समजतात, पण आजींना एकदा विचारा तरी."

विचारलं. कारण नकार द्यायचा हक्क तिचा होता. धोंडूबाई ओट्यावर वाल सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग माझ्याकडे बघून तिने खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं, "बाय, तुमच्यात हो म्हनल्यावर काय करतात गो?"

मॅडमना मी तेवढंच वाक्य कळवलं. वाटलं, लाज वाटेल.

लगेच उत्तर आलं, "वा! हे आजी मंचावर म्हणतील का?"