मागचं फाटक

माझ्या बायकोला खांद्यावर घेऊन आम्ही कॉलनीच्या फाटकाशी आलो, तर फाटकाला कुलूप. वॉचमन मान खाली घालून उभा. शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी, इस्त्रीच्या बुशशर्टात.

"मागच्या फाटकाने न्या," तो म्हणाला. "पुण्याहून प्लॉट बघायला लोक आलेत. प्रेत समोरून न्यायचं नाही, सोसायटीचा नियम आहे."

मागचं फाटक म्हणजे नाल्याकडचं. कचऱ्याची गाडी तिथून जायची. ऊन तापलेलं, खांदेकरी दमलेले. मला काही सुचेना. तिरडी वळली. चिखलातून, डुकरं हुसकत, माझी बायको स्वतःच्या घरातून गेली.

स्वतःचंच घर होतं ते. दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून माझा जन्म गेला. रिटायर झालो तेव्हा एका कंत्राटदाराने पेन्शनर लोकांसाठी ही कॉलनी काढली होती. म्हातारपणी दगदग नको, नळ, दिवे, बाग सगळं सोसायटी बघेल, असं त्याने सांगितलं. जन्मभर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या बाईला स्वतःच्या दाराचं भारी कौतुक. समोरच्या फाटकावर कॉलनीचं नाव रंगवलेलं होतं. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं जुळवत ती ते पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्याच फाटकातून तिला जाऊ दिलं नाही.

आणि सोसायटी म्हणजे कोण? चेअरमन कंत्राटदाराचा मेहुणा. सेक्रेटरी कंत्राटदाराचा मुनीम. घरं आमची, पण मत नाही. शेवटचा प्लॉट विकला गेला की निवडणूक घेऊ, मग सोसायटी तुमचीच, असा वायदा. तो शेवटचा प्लॉट माझ्या घराला लागून. बाकीचे विकले गेले, नवे पाडले, तेही गेले. हा एक मागायला आलेली गिऱ्हाइकं परत पाठवलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्यात आता बाभळी माजल्यात.

पावसाळा सरता सरता कॉलनीतले एक रिटायर्ड रेल्वे गार्ड वारले. वरच्या जातीचे. माणूस भला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांची तिरडी समोरून गेली. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी. सेक्रेटरीने स्वतः खांदा दिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे नियम प्रेताचा नव्हता. नियम आम्हा बौद्धांचा होता.

पुढच्या मीटिंगला मी हात वर केला. उठून विचारलं, नियम कुठं गेला?

चेअरमन हसला. "आबा, त्यांची गोष्ट वेगळी. हात खाली घ्या."

"वेगळी म्हंजी काय, ते तोंडानं बोला."

शेडमध्ये ज्यांच्यासोबत घाम गाळला, ते सतरंजीचे धागे उपसत बसले. त्यांची मला चीड आली. चेअरमनपेक्षा जास्त आली. मी हात खाली घेतला नाही. खांद्यातून कळा यायला लागल्या तरी नाही. चेअरमनने पुढचा विषय काढला, बागेतल्या बाकांना कुठला रंग द्यायचा. हिरवा ठरला. चहा झाला, माणसं उठली, सतरंजी गुंडाळली. मी हात वर धरूनच घरी आलो.

त्यानंतर माझ्या नळाची धार बारीक झाली. घर काढायचं तर गिऱ्हाईक मी आणतो, म्हणून सेक्रेटरी दोनदा दारात आला. मुलगा शिरूरला मास्तर आहे, तो न्यायला आला. त्याने माझी ट्रंक बाहेर काढली.

"आबा, चला आता. ह्यांच्याशी भांडून काय व्हनार हाय?"

काहीच होणार नाही. तो प्लॉट विकला जाणार नाही, निवडणूक होणार नाही, शेजारी तोंड उघडणार नाहीत. एवढं न कळण्याइतका मी खुळा नाही. मी ट्रंक उचलून परत आत ठेवली.

"मी हितंच मरनार," मी म्हणालो. "आन् मला समोरनं न्यायचं."

"त्यांनी फाटक उघडलं न्हाई तर?"

"तर तिथंच ठेव मला, फाटकाम्होरं. येऊ देत त्यांची गिऱ्हाइकं. उघडंस्तवर उचलायचं न्हाई."