वंदनानं उपटलेल्या चौकटी

भाचजावयाचा फोन आला तेव्हा मी बाजेवर बसून तूर निवडत होतो. "मामा, वंदना गेली," एवढंच बोलला... माझ्या मेलेल्या बहिणीची ही एकुलती पोर. दिल्लीत सरकारी घरकुलांचं काम पाहायची. महिना उलटला. शेवटच्या आजारातली, दवाखान्यातली वंदना मला आठवत नाही. आठवते ती किन्हीराजाजवळच्या आमच्या वस्तीवर लोखंडी सब्बल घेऊन घामानं भिजलेली.

चिली नावाचा लांबचा देश आहे. तिथं सरकार गरिबाला अर्धंच घर बांधून देतं, पण भक्कम. उरलेली जागा माणूस ऐपतीप्रमाणं बांधतो. ते पाहून आली अन् पोरीनं ध्यासच घेतला. मी म्हटलं, "अर्धं घर? अर्धं लुगडं नेसून बाई बाहेर पडते काय?" ती म्हणे, "तुमच्या अख्ख्या घरकुलात तुमी जनावराचं कुटार भरता, मामा, अन् बाहेर झोपता!" जीभ आईचीच. शेवटी वस्तीवर नमुन्याची बारा घरं बांधायचं ठरलं. लोक त्यात राहिले तर ही रीत देशभरच्या योजनेत घ्यायची. नाही राहिले तर प्रकरण बंद.

दसऱ्यानंतर वस्ती ऊसतोडीला गेली, मागं आम्ही म्हातारे. तेवढ्यात ठेकेदारानं घरं उभी केली, दाराच्या चौकटी बसवल्या. लोक परतले, घरं पाहिली अन् बाजूला पालं ठोकून राहिले. उंबरा कोणी ओलांडेना. दिल्लीचे साहेब पाहणीला येणार, त्या सकाळी वंदना माझ्यासमोर उभी.

"लोकं आत काहून जाऊन नाई राह्यले, मामा?"

"चौकट कोनं बसवली? ठेकेदारानं. ना घरधनीन हाजर, ना हळदकुंकू, ना नारळ. अशा दारातून कोन जाईन?"

"तुमी इथंच होते. बोलले काहून नाई?"

"मले कोनं इचारलं?"

ती हळूच म्हणाली, "तिथं चिलीत त्यांनी लोकांले आधी बसवून इचारलं होतं, मामा. मी घर आनलं, इचारनं तिकडंच राह्यलं."

साहेबांच्या गाड्यांनी तालुक्याचं मालेगाव सोडल्याचा फोन आला. ती म्हणाली, चौकटी काढा. ठेकेदार हात जोडू लागला, "मॅडम, साहेबाले नुसती भगदाडं दिसतीन!" मीही म्हटलं, साहेब जाऊ दे, मग काढू. ऐकते कुठं! सब्बल उचलली, दोन घाव घातले अन् धापा टाकत खाली बसली. मला वाटलं, शहराची पोर, सवय नसेल... सब्बल मी घेतली, मग वस्तीवरचे गडीही धावले.

साहेब उतरले तेव्हा बाराही घरांची तोंडं उघडी, चौकटी अंगणात आडव्या, बाया त्यांना हळद लावत होत्या. मोठ्या साहेबाचा आवाज चढला, "हे काय? घरं पाडताय?" एक जण आत पाय टाकणार, तर आमच्या शेजारच्या शेवंतानं हात आडवा केला. "थांब बाप्पा! आमीच अजून गेलो नाई, तू कुठं चालला?" कोणी हसलं नाही. वंदना साहेबाला म्हणाली, "चूक माझी आहे. थांबून बघा अन् दिसेल ते लिहा." साहेब उन्हात उभे राहिले. चौकटी पुन्हा चढल्या, नारळ फुटले. शेवंता आत गेली, अन् मग आतून म्हणाली, "या आता." साहेब गाडीत बसून निघून गेले. संध्याकाळी घराघरांत चुली पेटल्या.

दिल्लीचं उत्तर यायच्या आत वंदना गेली.

परवा तिच्या जागेवरचा नवा माणूस आला. योजना पुढं चालली म्हणे, दुसऱ्या गावात घरं होणार. आधी वस्तीवरच्यांना विचारा, असं मॅडम सांगून गेल्या, म्हणाला. मी त्याला सुरुवातीलाच बजावलं, अर्धं घर मला आजही पटलेलं नाही. त्या बारांतल्या माझ्या घराची मोकळी बाजू मी हट्टानं बांधलेली नाही. तिथं बसूनच आम्ही मामा-भाची भांडायचो. त्यानं तिथली निळी खुर्ची ओढली. म्हटलं, "ते नोको घेऊ. वंदनाची हाय. खाली बस."

तो मातीत बसला. मग मी चौकटीपासून सांगू लागलो.