पातळाला शीग लागत नाही

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दळणाच्या डब्यात ज्वारी मापून टाकत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. हातातलं मापटं तसंच राहिलं, काठावर चढलेल्या शिगेसकट... त्याला आता महिना होत आला. शांताआक्का माझी थोरली जाऊ.

मी युसूफ वडगावात नांदायला आले ती गेवराईच्या अडत्याची लेक म्हणून, आणि तो तोरा काय सांगावा! जगातली कुठलीही वस्तू मापावी तर आमच्या घराण्यानंच, असा माझा समज. त्याच सुमारास औरंगाबादकडे नवे कारखाने उभे राहत होते. आक्काचा भाऊ तिथं फायबरच्या कामावर लागला आणि त्याच्याकडून ती साच्यात पातळ रेझिन ओतायला शिकली. महालक्ष्म्यांचे मुखवटे मातीचे असले की फुटतात, पितळी परवडत नाहीत; मग रेझिनचे का नकोत, असा तिचा हिशेब. घरभर वास सुटायचा. सासरे वैतागायचे. पहिली मागणी गेवराईच्या एका दुकानदाराची आली, एक जोड. सासऱ्यांनी बजावलं, "जोड परत आला, की तुझ्या ओतायच्या खोलीत खताची पोती."

रेझिनचा डबा एकच होता, दुसरा सणानंतर येणार. हार्डनर घातल्यावर माल उरला तर दगड होतो आणि कमी पडला तर मुखवटा अर्धा. म्हणून अंदाज पक्का हवा. प्लास्टरच्या साच्यात पाणी ओतून मापावं तर तो ते पिऊन टाकतो. मी पुढं सरसावले. कोरडी ज्वारी साच्यात काठोकाठ भरली, परत काढून मापली आणि ऐटीत सांगितलं, "एकीला तीन मापटी, जोडीला सहा." आक्का माझ्या हाताकडं बघत होती.

रंगात फरक नको म्हणून सहाही मापटी एकदाच कालवून ओतली; डबा तिथंच रिकामा झाला. थोरलीचा साचा भरला. धाकटीचा चेहरा झाला, आणि कानांपाशी येऊन माल संपला.

"आक्का, कानच न्हाईत की!"

"न्हाईत तर. अगं अडत्याच्या लेकी, ज्वारीला शीग लागती. पातळाला लागती का?"

बापाच्या दुकानातली सवय. ज्वारी शीग लावून मापली होती, आणि रेझिनला शीग कशी लागणार? आता खोलीत पोती येणार, हे दिसायला लागलं. तेवढ्यात आक्कानं फडताळातून एक बाटली काढली. तळाशी वेगळं काढलेलं रेझिन.

"तुजी शीग मला ठावी हाय. म्हणून ठिवलंतं बाजूला."

"मंग आदी कावून सांगितलं न्हाई?"

"सांगून तू कवा ऐकलंस, बाई?"

तेवढ्या रेझिनमध्ये कान झाले, जरा उजळ रंगाचे. दुकानदारानं कानात झुबे अडकवून जोड मांडला आणि पुढच्या वर्षी आणखी मागवले. खोली आक्काचीच राहिली. पुढं ओतण्यासाठी मी मापं सपाट घ्यायला शिकले, तरी तिची बाटली काही सुटली नाही. दरवेळी थोडं काढून ठेवायची आणि माझ्याकडं बघून हसायची.

दिवसकार्य झाल्यावर तिची खोली आवरली. फडताळात बाटली होतीच. ओतणं बंद करून किती वर्षं झाली, तरी हिनं ठेवलेली... उलटी केली, थेंब हलला नाही. आतल्या आत रेझिनचा दगड झाला होता. उजेडात धरून पाहिली.

वरून अगदी सपाट. नावाला शीग नव्हती.