दोन खळ्यांचा वारा

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गवंड्यांचा मुकादम होतो. शिक्षण म्हणाल तर निजामाच्या राजवटीत दोन वर्षं उर्दू शाळेत गेलो. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळेत मराठी आली, आणि नवे मास्तर म्हणाले, "आता पुन्हा पहिलीत बस." आठ वर्षांचा घोडा मी, शेंबड्या पोरांत बसू? नाही बसलो. पाटी सुटली ती सुटलीच. पण ओळंबा आणि दोरी हातात घेतली की मोठमोठे माझ्यापुढं गप्प बसायचे.

एकच माणूस असा होता की तो समोर आला की माझं चित्त ठिकाणावर राहत नसे. तो माझा साडभाऊ, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मॅट्रिक पास, वर ओव्हरसियरचा कोर्स. आम्ही दोघं एकदम सासुरवाडीला गेलो की त्याला खुर्ची यायची आणि मला सतरंजी. मी थोरला जावई! तोंडानं कधी बोललो नाही, पण आतून जळत होतो. ते आता कबूल करायला मला लाज नाही.

त्या वर्षी शहरातले एक मालक लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना टाकत होते. त्यात दगडी कोळशाची भट्टी, म्हणजे काळाकुट्ट धूर. वैशाखात मोकळ्या प्लॉटवर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "मुकादम, भट्टी कोणत्या कडेला घ्यावी?"

मी मूठभर माती उचलून वर सोडली. ती उगवतीकडं उडाली. म्हटलं, "पूर्वेच्या कडेला घ्या. वारा मावळतीचा हाये. धूर हद्दीबाहेर जाईल, शेडीतल्या माणसांच्या नाकात जायचा नाय."

मालकांनी मान हलवली. दोन कारखाने असलेला माणूस माझ्या शब्दावर मान हलवतो, हे मी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं.

हे मी हवेत बोललो नव्हतो. आमचं रान काळं, सगळं पीक रब्बीचं. शाळू आणि गहू मळून खळ्यात पडले की फाल्गुन-चैत्रात उपणायचे. तिवईवर उभं राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. दाणा पायाशी पडतो, भुसकट उडून जातं. वारा कधी उठेल हे गाव मला विचारायचं. माझ्या उभ्या हयातीत खळ्यावर वारा मावळतीकडनंच आला. त्याला कशाला हवा नकाशा?

पावसाळ्यात काम थांबलं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं तेव्हा मी पूर्वेच्या कडेला पाया खणला आणि गुडघाभर दगड भरून घेतले. आणि त्याच आठवड्यात मालकांनी नवा ओव्हरसियर आणला. बघतो तर साडभाऊ! पायात बूट, काखेत कागदाची गुंडाळी.

"राम राम दादा," म्हणाला, आणि कागद माझ्याच दगडांवर पसरला. त्यात भट्टी उत्तरेच्या कडेला होती. त्यानं बरोबर खुंट्या आणल्या होत्या. त्या तिकडं ठोकूनही टाकल्या.

मी विचारलं, "पाव्हणं, ही भट्टी कुणाला इचारून हलवली?"

"वाऱ्याला," तो म्हणाला.

खडी फोडणाऱ्या बाया हसल्या. माझी कानशिलं तापली.

"वारा मला शिकवता का? जलम खळ्यावर गेला माझा."

"दादा, तुमचं खळं कधीचं? चैतातलं. आमचं खुलताबादच्या डोंगरातलं, बाजरीचं. दिवाळीच्या अंगानं उपणतो आम्ही. आमचा वारा उगवतीचा असतो. तुम्ही खरं, मी बी खरं. म्हणून म्या शेजारी विमानतळावर जाऊन तिथल्या माणसाला इचारलं. बारा महिन्यांचा वारा लिहून ठेवतात ते. आठ महिने मावळतीकडनं, थंडीचे चार महिने उगवतीकडनं. विमान उतरायची पट्टी बी त्याच दिशांनी आखलीय. म्हणून भट्टी ना पूर्वेला ना पश्चिमेला. बाजूला, उत्तरेला. वारा कुठूनबी येऊ द्या, धूर शेडीला टाळून जाईल."

इतकं साधं होतं ते. आमच्याच प्लॉटच्या हद्दीपलीकडं विमानतळ, रोज त्याच्यावरून येजा, आणि मला एकदाही वाटलं नाही की तिथं जाऊन विचारावं. खरं सांगायचं तर त्याआधी दोन वेळा मजुरांच्या चुलीचा धूर मावळतीकडं वाहताना मी बघितला होता. दोन्ही वेळा मान फिरवली होती. आता तेच त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे काळजात सुरी.

मालक तिथंच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "कागद नको. मी भरलेल्या पायाच्या दगडांवर ओला कडबा पेटवा. धूर कुठं जातो ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघा."

त्या घटकेला वारा पडलेला होता. मला वाटलं, आता उठेल तो माझाच उठेल.

कडबा पेटला. धूर थोडा वेळ सरळ वर गेला. मालक शेड उभी राहायची होती तिथं चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेत उभे होते. मग उगवतीकडनं एक झुळूक आली, मागनं दुसरी, आणि सगळा धूर वाकून थेट मालकांच्या तोंडावर. ते खोकत, डोळे चोळत बाहेर पळाले.

खडी फोडणारी एक म्हातारी बाई मोठ्यांदा म्हणाली, "मुकादम, सासऱ्यानं खुर्ची उगंच नव्हती टाकली की!"

ही खुर्चीची गोष्ट सासुरवाडीतनं वाड्या-वस्त्यांपर्यंत गेली होती तर! सगळे हसले. नुसता साडभाऊ हसला नाही. तो मालकांना म्हणाला, "साहेब, दादांचं चुकलं नाय. वैशाखात तुम्ही इचारलं, वैशाखाचा वारा त्यांनी सांगितला. माझा निम्मा नकाशा त्यांच्याच शब्दावर हाये."

शिव्या घातल्या असत्या तर मी दोन दिल्या असत्या. पण ही दया! माझी लाज त्यानं आपल्या हातानं झाकावी आणि ते सगळ्यांनी बघावं, त्याहून धूर बरा होता.

मालक डोळे पुसत म्हणाले, "मुकादम, माणसं तुमची आहेत. तुमच्या मनाविरुद्ध मी पाया हलवत नाही. भट्टी कुठं बांधायची ते उद्या सकाळी तुम्हीच सांगा."

म्हणजे ओझं माझ्याच डोक्यावर. पूर्वेलाच बांधतो म्हणालो तर हिवाळाभर साचे करणारी माणसं धूर खाणार, आणि दर हिवाळ्यात माझं नाव निघणार. उत्तरेला म्हणालो तर साडभाऊ जिंकला.

घरी आलो. बायकोला कळलंच होतं. तिची बहीण येऊन सांगून गेली होती. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्यांनी तुमची बाजू घेतली म्हणं."

"घेतली."

"शिकलेला माणूस, पर मन मोठं हाये."

मी ताट सरकवलं. "तूच जा मग त्याच्याकडं रांधायला."

"तुम्हाला वारा चुकल्याचं दुःख नाय," ती शांतपणे म्हणाली, "त्याला कळला याचं हाये."

मी उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं यायच्या आधी मी प्लॉटवर गेलो. साडभावाच्या उत्तरेकडच्या खुंट्या एकेक करून उपटल्या, दोन हात आणखी उत्तरेला ठोकल्या, दोरी ताणली आणि माझ्या हातानं फक्की टाकली. तो आला, त्यानं मोजपट्टी लावून बघितली. मग मी माणसांना हाळी दिली, "भट्टी हितं. मी सांगतोय," आणि पहिली कुदळ स्वतः मारली.