कांद्याच्या चाळीत ठेवलेली गिटार

गेल्या गुरुवारी दुपारी, नारायणगावजवळच्या आमच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीत उभ्या उभ्या माझे हातपाय गार पडले. बाहेर मे महिन्याचं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा... आणि मी गार.

समोर उघड्या पेटीत माझ्या मुलीची, रेवाची गिटार होती. विकत घेतलेली नव्हे, तिनं स्वतःच्या हातांनी बनवलेली. दीड वर्षापासून ती पुण्यात एका गिटार बनवणाऱ्या कारागिराकडे शिकतेय आणि ही तिची पहिली पूर्ण गिटार. सोमवारी तिचे हे सर ती तपासणार होते. पास झाली तर रेवाला तिथंच कामावर घेणार होते.

मधे आठवडाभर ती लाकूड आणायला बाहेरगावी जाणार होती, म्हणून गिटार घरी ठेवून गेली. जाताना बजावलं होतं, "पप्पा, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा."

नेमकं घरात रंगकाम निघालं. भिंती घासल्याची धूळ सगळ्या खोल्यांत. मी शेतकरी माणूस... कोरडी आणि हवेशीर जागा म्हटल्यावर मला एकच जागा सुचली. चाळीत कांदा सहा महिने टिकतो, मग गिटार सहा दिवस का टिकणार नाही? पेटी सगळ्यात वर, पत्र्याखाली ठेवली. वर स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो.

गुरुवारी सहज पेटी उघडली. तारा जिथं अडकवतात ती काळी लाकडी पट्टी, ब्रिज म्हणतात त्याला, मागच्या बाजूनं उचलली गेली होती. फटीत नख जात होतं.

ब्रिज जिच्यावर बसतो ती वरची फळी मी बनताना पाहिलीय. स्प्रूस नावाचं परदेशी लाकूड, तासून तासून तीन मिलिमीटरच्याही आत आणलेलं. दर थोड्या वेळानं रेवा ती कानाजवळ धरून बोटानं टकटक करायची आणि पुन्हा रंधा हातात घ्यायची. बाजूच्या शिसवी पट्ट्या गरम पाइपवर वाकवताना तीनदा मोडल्या होत्या. तेव्हा फोनवर रडली होती पोरगी... आणि मी म्हणालो होतो, सोड ते, बँकेची परीक्षा दे.

आता काय करावं सुचेना. नारायणगावात जाऊन झटपट चिकटणाऱ्या गमाची ट्यूब आणली, टोपण उघडलं. पण फटीकडं बघितलं, टोपण परत लावलं आणि ट्यूब खिशात टाकली.

मग तात्या सुतार आठवले. महाळुंगे पडवळ गावचे. आमच्या घराची दारं त्यांच्या हातची, वय ऐंशीच्या घरात. पेटी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून चक्क सीटबेल्ट लावला. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी जवळजवळ थांबवायचो.

तात्यांनी आधी सगळ्या तारा सैल केल्या. मग गिटारीच्या मधल्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारून बराच वेळ आत बघत बसले.

शेवटी फटीतला चिकटा नखानं खरवडून त्यांनी हुंगला. "सरस हाय," म्हणाले. सरस म्हणजे जनावराचं कातडं शिजवून केलेला चिकटा, जुने सुतार वापरायचे तो. "भाऊ, तुमी ह्याला भट्टीत घातलं व्हतं का?"

मी चाळीचं सांगितलं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

"तरी बरं, सरस व्हता. त्यो गरमीनं सुटला, म्हनून लाकूड वाचलं. दुसरा गम असता तर वरची फळीच फाटली असती."

मी खिशातली ट्यूब काढून दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन लांब खिडकीत ठेवली.

"तुम्हीच चिकटवा ना तात्या," मी गयावया केली.

"न्हाई. दुसऱ्या मिस्त्रीच्या सांध्याला मी हात लावत न्हाई. मिस्त्रीला बोलवा. कोन हाय?"

"माझी मुलगी..."

ते पुन्हा वाकून आत बघू लागले. "लई साफ हात हाय," एवढंच म्हणाले.

म्हणजे रेवाला जो फोन करायला मी घाबरत होतो तोच करावा लागला. सगळं कबूल केलं. तिनं एवढंच विचारलं, "वरची फळी चिरलीय का?" नाही म्हणालो. "मग मी उद्या येते." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी ती बसनं थेट तात्यांकडे आली. त्यांनी माळ्यावरचं जुनं भांडं काढून सरस भिजत घातला होता, तो गरम पाण्यात ठेवून पातळ केला. रेवानं जुना सरस खरवडला, ब्रिज काढला, कोमट केला. ती हात पुढं करायची आणि तात्या हवं ते हत्यार हातात द्यायचे. मला काम मिळालं ते सांधा आवळून धरणारा शिकंजा लागेपर्यंत ब्रिज दाबून धरायचं. "पप्पा, हलू नका." श्वाससुद्धा बेतानं घेतला मी.

शिकंजा रविवारी निघाला. तारा ताणताना रेवाच्या प्रत्येक पिळाबरोबर माझे डोळे मिटत होते. सहावी तार लागली आणि ब्रिज जागचा हलला नाही. तिनं गिटार वाजवली, तेव्हा तात्यांनी मागच्या शिसवी फळीला कान लावला आणि तिच्याकडं बघून हसले. मला रडू आलं, लपवलं नाही.

सोमवारी तिनं सरांना चाळीसकट सगळं खरं सांगितलं. त्यांनी सांधा तपासला आणि तिला कामावर घेतलं.

तात्या, तुम्ही त्या दिवशी रेवाच्या सांध्याला हात लावला नाहीत, त्याबद्दल तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की मी आजवर 'पुण्यात कोर्स करते' म्हणून विषय बदलायचो. काल बेल्ह्याच्या बाजारात एका पाहुण्यांनी पुन्हा तेच विचारलं.

म्हणालो, मिस्त्री आहे. गिटार बनवते.