तुझ्याकडून फी कसली

माझ्या वटार गावातल्या मित्राला पत्ते नीट खेळता येऊ नयेत, असं मला वाटत होतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या हॉलमध्ये आम्ही पाच जण रविवारी दुपारी पोकर खेळायचो, चिंचोके लावून. तो शाळामास्तर. सकाळची चर्चमधली मिस्सा, घरचं जेवण आटोपून स्कूटरवर यायचा, पुढ्यात वाडीतली केळी. समोरच्याने मोठी बोली लावली की आम्ही पत्ते टाकून मोकळे व्हायचो. त्याला मात्र समोरच्याच्या हातात काय आहे ते बघितल्याशिवाय राहवायचं नाही, आणि पोकरमध्ये ते बघायला तेवढीच भर घालावी लागते. हरायचा आणि स्वतःलाच हसायचा. चिंचोक्यांचं काय जात होतं?

मग माझी नोकरी गेली आणि छंदाचाच धंदा करायचं डोक्यात आलं. स्टेशनजवळ गाळा घेतला, बुद्धीचा खेळ म्हणून पाटी लावली. सकाळी क्लास, दुपारी पैसे लावून सरावाचं टेबल. क्लासची फी भाड्यातच जायची. खरी कमाई टेबलावर होती. प्रत्येक डावातला थोडा हिस्सा मालकाचा, त्याला नाल म्हणतात. खेळणारे सगळे सारखेच तयार असले तर पैसा त्यांच्यातच फिरतो, नालेत झिजत जातो आणि लोक यायचे बंद होतात. टेबल जगवायला नेमाने हरणारा आणि तरी हसत परत येणारा एक माणूस लागतो. आवडीतून उत्पन्न कसं काढावं हे सांगणारे ते टाय लावलेले लोक मोबाईलवर दिवसभर बोलतात, कौशल्य म्हणतात, शिस्त म्हणतात. हरणारा माणूस कुठून आणायचा, ते एकही जण सांगत नाही. मला सांगायची गरजही नव्हती. माझ्याकडे तो घरचाच होता.

सुट्टीत क्लासला येऊ का, असं त्याने एकदा विचारलं.

"तू घरचा माणूस, तुझ्याकडून फी कसली?" मी म्हणालो. "दुपारीच येत जा. खेळता खेळता शिकशील."

त्याला गहिवरून आलं. पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी केळ्यांचा अख्खा लोंगर घेऊन आला. आणि त्याच आठवड्यात, पहिल्याच तासाला, मी परक्या पोरांना फळ्यावर लिहून देत होतो: समोरच्याचे पत्ते बघायला कधी पैसे घालू नका. एवढं एक वाक्य. त्याला ते पुरलं असतं.

वर्षभरात त्याची मोगऱ्याची वाडी दुसऱ्याला कसायला गेली. तेव्हा वहिनी एकट्याच गाळ्यावर आल्या. आत आल्या नाहीत, पायरीवरच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुम्ही शिकवता म्हणून विचारते. ह्यांना जमतंय का? नसेल जमत तर सांगा, मी हाताला धरून घरी नेते."

"सुधारतोय, वहिनी."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या शब्दावर गेल्या.

तो चर्चच्या सणाच्या कमिटीचा खजिनदार होता. तिथल्या एका पैशाला त्याने हात लावला नव्हता, तरी त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. आगाशीच्या बाजारात कोणीही टवाळ, मास्तर, आज हातात काय, असं विचारतो. तो हसतो.

पुढे ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला. आमचं टेबल ऑनलाइन नव्हतं, पण चौकीवरून विचारणा सुरू झाली आणि मी गाळा सोडला. तर सोसायटीतले लोक मला लिफ्टमध्ये धीर देतात! चांगला चाललेला व्यवसाय होता तुमचा, सरकारने बुडवला. अरे, टेबल एकच होतं. एका बाजूला बसलेला जुगारी आणि दुसऱ्या बाजूचा बिचारा उद्योजक, हे कुठलं माप? पण मीही लिफ्टमध्ये मान हलवतो आणि माझा मजला आला की उतरतो.

मागच्या महिन्यात तो भेटला. म्हणाला, "तू फुकट शिकवत होतास रे, माझंच डोकं चाललं नाही."



नालेत आलेले त्याचे पैसे मी देणं लागतो. त्याच्याही आधी, त्याच्या घरी जाऊन, तो ऐकत असताना वहिनींना सांगायचं आहे की त्याचं डोकं ठीक होतं, मी त्याला शिकवलंच नाही आणि पायरीवर तुमच्याशी खोटं बोललो. ते अजून बाकी आहे.